बंगळूरची आधाररेषा

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला बंगळूर हे नाव प्रथम भेटते ते जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे ठाणे घेतले, ते शहाजीराजांना जहागिरीत मिळाले, आणि त्यांच्या दरबाराची कीर्ती ऐकून जयराम येथे आला. निरनिराळ्या भाषांचे कवी राजापुढे आपापली रचना सादर करीत आहेत, असे त्या दरबाराचे चित्र त्याने रेखाटले आहे. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह हा चंपू प्रसिद्ध केल्यापासून बंगळूर आणि आपले वाङ्मय यांचा संबंध म्हटला की आपण त्याच्याशीच थांबतो. तसे थांबण्यात गैर काही नाही. परंतु त्याच भूमीवर पुढे १८०० मध्ये एका निराळ्या रचनेला आरंभ झाला. तिचा पहिला चरण ७.४३२१ मैल लांबीचा होता आणि तो लोखंडी साखळीने मोजलेला होता. तिची भाषा भूमितीची असल्यामुळे साहित्याच्या इतिहासात तिला जागा मिळाली नाही. सौंदर्याचा विचार करणाऱ्याने मात्र तिच्याकडे पाठ फिरवू नये, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

या रचनेचा कर्ता विल्यम लॅम्ब्टन हा यॉर्कशायरचा, इंग्रजी फौजेतील तेहतिसाव्या पलटणीचा अधिकारी. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत तो जनरल बेअर्डच्या हाताखाली होता. एका रात्री तुकडी परत निघाली असता लॅम्ब्टनने आकाशाकडे पाहून आपण भलत्याच दिशेने, म्हणजे टिपूच्या छावणीकडेच चाललो आहोत, असे सांगितले. सेनापतीचा प्रथम विश्वास बसला नाही. दिवा पेटवून होकायंत्र पाहिल्यावर ताऱ्यांचीच साक्ष खरी ठरली. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या मुलखाची मोजणी करणे कंपनी सरकारला आवश्यक वाटू लागले, तेव्हा या मितभाषी माणसाने आर्थर वेलस्लीच्या पाठबळावर एक योजना पुढे केली. वरवर पाहता ती नकाशा काढण्याची योजना होती. तिचा खरा हेतू पृथ्वीचा आकार निश्चित करण्याचा होता. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असली पाहिजे असे न्यूटनने गणिताने काढले होते. अठराव्या शतकात फ्रेंच विद्वानांनी लॅपलंड आणि पेरू येथे जाऊन एका अंशाची लांबी मोजली आणि न्यूटनचा निष्कर्ष खरा ठरला. तथापि चपटेपणा नेमका किती, हा प्रश्न उरलाच होता, आणि विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या दक्षिण हिंदुस्थानातील अंशाची लांबी कोणालाच ठाऊक नव्हती.

१४ ऑक्टोबर ते १० डिसेंबर १८०० या काळात बंगळूरजवळच्या माळावर ती आधाररेषा मोजली गेली. साखळी शंभर फुटी, पोलादी, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस दुव्यांची. तिचा इतिहासही गमतीचा आहे. लंडनच्या रॅम्सडेनने घडवलेली ही साखळी चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी गेलेल्या वकिलातीबरोबर पूर्वेकडे आली, तेथे तिचे चीज झाले नाही, आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात लॅम्ब्टनच्या हाती लागली. लाकडी पेट्यांत ती सरळ ताणून ठेवायची, पेट्या तिवयांवर समपातळीत आणायच्या, उष्णतामापक लावून पोलाद किती फुगले आहे ते टिपायचे, आणि मग साखळी उचलून पुढे न्यायची. असे जवळजवळ चारशे वेळा, सत्तावन्न दिवस. हे काम कंटाळवाणे होते यात शंका नाही. महाकाव्याच्या संहितेची चिकित्सा करणारा पंडित एकेका पोथीतील एकेक पाठ जुळवीत बसतो त्याची येथे आठवण होते. पुढची सारी इमारत ज्यावर उभी राहायची तो पाया एकदाच, परंतु निर्दोष घालायचा असतो.

कारण यापुढे जमिनीवर साखळी घालण्याची गरज जवळजवळ संपते. आधाररेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या एका टेकडीवरील निशाण पाहायचे आणि दोन कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन्ही बाजू बसल्या जागी गणिताने मिळतात. यांपैकी प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते, आणि डोंगरामागून डोंगर ओलांडीत त्रिकोणांची जाळी देशभर पसरत जाते. मधल्या नद्या, अरण्ये, शत्रूचे प्रदेश यांना पाऊल न लावता अंतरे हाती येतात.

ज्या नियमाने ती येतात त्याचा शब्दही पाहण्यासारखा आहे. त्रिकोणाची बाजू तिच्या समोरील कोनाच्या ‘साइन’च्या प्रमाणात असते. हा ‘साइन’ मूळचा आपला ‘ज्या’, म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने ज्यांची कोष्टके दिली. ‘ज्या’चा पर्याय ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाला. स्वर न लिहिणाऱ्या त्या लिपीत पुढच्या भाषांतरकाराने तो ‘जैब’ असा, वस्त्राची घडी या अर्थाने वाचला आणि लॅटिनमध्ये तिला ‘सायनस’ केले. भाषांतरातील चुकीने जन्मलेला हा शब्द लॅम्ब्टनच्या कोष्टकांतून परत दक्षिणेत उतरला, तेव्हा तो माहेरी आला आहे हे ओळखणारे कोणी त्या माळावर असेल असे वाटत नाही.

मापनाचे तत्त्वही या देशाला परके नव्हते. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात ११५० मध्ये ते स्पष्ट मांडले आहे. दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरांच्या अक्षांशांत अमुक अंशांचे अंतर असता त्यांच्यामध्ये इतकी योजने भरतात, तर ३६० अंशांना किती? साधे त्रैराशिक. विश्व जसे हरीने व्यापले आहे तसे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे, अशा आशयाचे उद्गार याच ग्रंथकाराने ‘लीलावती’त काढले आहेत. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४९६७ योजने दिला आहे. वाऱ्याने मोडलेला वेळू, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप, तळ्यात कलंडणारे कमळ ही ‘लीलावती’तील उदाहरणे आपण काव्य म्हणून वाचतो आणि त्यांच्या पोटात काटकोन त्रिकोण आहे हे विसरतो. (लीलावती ही भास्कराचार्यांची अभागी कन्या, ही लोकप्रिय कथाही मूळ ग्रंथात नाही, ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून आली.) भास्कराचार्यांना ती उदाहरणे शोभेसाठी नको होती. नाना रूपांच्या प्रसंगांतून एकच संबंध प्रकट होतो, हे शिष्याच्या मनावर बिंबावे असा त्यांचा हेतू दिसतो, आणि माझ्या मते गणितातील सौंदर्याची पहिली ओळख तीच होय.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा, म्हणजे १२०७ चा शिलालेख साहित्याच्या विद्यार्थ्यांना आद्य मराठी लेखांपैकी एक म्हणून ठाऊक असतो. भास्कराचार्यांचा नातू, यादव सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला, त्याचा हा दानलेख. आरंभी संस्कृत श्लोक आहेत, आणि मठाच्या खर्चाची तरतूद सांगण्याची वेळ आली तेव्हा भाषा बदलून मराठी होते: पाटणच्या बाजारात होणाऱ्या विक्रीवर ग्राहकाकडून राजाला जो हिस्सा मिळे तो मठाला दिला. भाऊ दाजींनी हा लेख उजेडात आणल्यापासून त्यातील विभक्तिप्रत्ययांवर पुष्कळ लिहिले गेले. बाजारकराचा पैसा गोलाध्यायासाठी राखून ठेवणारा समाज कसा असेल, या प्रश्नाकडे आम्ही भाषेच्या अभ्यासकांनी त्या मानाने फारच कमी लक्ष दिले. आमच्या प्रबंधांत, माझाही त्यात आला, चांगदेव येतो तो केवळ एक क्रियापद पुरवण्यासाठी.

पाटणला जे त्रैराशिक शिकवायचे होते, ते बंगळूरहून निघून प्रत्यक्ष भूमीवर उतरले. अर्थात लोकांना त्याचे प्रयोजन सहज पटले असे नाही. मद्रासच्या अर्थसमितीतील एका सदस्याने म्हणे असे म्हटले की कोणाला श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर त्याने आपल्या पालखीच्या म्होरक्या भोयाला तसे सांगावे. लॅम्ब्टनसाहेबांच्या नकाशावाचून तो बिनचूक पोचवील. विनोद झकास आहे आणि त्यात तथ्यही आहे. भोयाचे ज्ञान खोटे नव्हते; वाटेतील ओढा, चढ, सावली त्याला ठाऊक होती. पण ते ज्ञान पावलापावलाने वाढते आणि पावलापावलाने चुकते. आपण किती चुकलो हे त्याला सांगता येत नाही. त्रिकोणांच्या साखळीला ते येते.

त्याची कसोटी बंगळूरलाच लागली. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे दुसरी आधाररेषा मोजून तेथून त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे बंगळूरपर्यंत आणली गेली. १८०४ मध्ये बंगळूरला पुन्हा आधाररेषा मोजण्यात आली: मद्रासहून गणिताने आलेली तिची लांबी आणि साखळीने प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांची तुलना करता यावी म्हणून. मधे पूर्वघाटाचे डोंगर, दीडशेहून अधिक मैलांचा प्रदेश. सात मैलांहून लांब अशा त्या रेषेत फरक निघाला चार इंचांहूनही कमी. एखाद्या समस्यापूर्तीत चौथा चरण अचूक येऊन बसावा आणि सभेने मान डोलवावी, तसा हा क्षण होता. मात्र येथे चौथा चरण कवीच्या स्वाधीन नव्हता, तो माळावर आधीच पडलेला होता.

या जाळ्यातील एक गोष्ट तर मला कोणत्याही अलंकाराहून सुंदर वाटते. सपाट कागदावरील त्रिकोणाचे तीन कोन मिळून १८० अंश होतात हे शाळेत शिकवतात. गोलाच्या पृष्ठावरील त्रिकोणाचे त्याहून थोडे अधिक होतात. तीस-तीस मैल बाजूंचा त्रिकोण घेतला तर हे आधिक्य सुमारे पाच विकला भरते, म्हणजे एका अंशाच्या ३६०० भागांपैकी पाच. लॅम्ब्टनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट इतका सूक्ष्म फरक पकडू शकत होता. याचा अर्थ असा की तीन टेकड्यांवर आळीपाळीने उभे राहून कोन मोजणाऱ्या माणसाला, समुद्रावर न जाता, ग्रहण न पाहता, पायांखालची पृथ्वी वाटोळी असल्याचे कळते. पुढे या आधिक्याचे करायचे काय, हा प्रश्न लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १७८७ मध्ये अशा रीतीने सोडवला की वाचताना हसू यावे: आधिक्याचे तीन समान वाटे करा, प्रत्येक कोनातून एकेक वाटा वजा करा, आणि त्रिकोण सपाट आहे असे समजून चला, येणारी चूक उपेक्षणीय असते.

हा थिओडोलाइट १८०८ मध्ये तंजावरला मोडता मोडता वाचला. कावेरीच्या सपाट खोऱ्यात टेकड्या नाहीत, तेव्हा निरीक्षणासाठी देवळांच्या उंच बांधकामांचा आश्रय घ्यावा लागे. तंजावरच्या मोठ्या मंदिरावर यंत्र चढवताना दोर तुटला, पेटी भिंतीवर आपटली आणि कोन मोजण्याचे मोठे वर्तुळ वेडेवाकडे झाले. लॅम्ब्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून सहा आठवड्यांत ते वर्तुळ पुन्हा ताणून मूळ आकाराला आणले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे होते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी बंगळूरहून निघून १६७६ च्या सुमारास तेथे राज्यस्थापना करते झाले, त्यांचा हा वंश. मराठ्यांची वाट आणि लॅम्ब्टनच्या त्रिकोणांची वाट अशी एकमेकींवर पडलेली पाहिली म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाला मौज वाटते, आणि थोडे वाईटही वाटते. ग्रंथ आणि विद्या यांचा अपार हव्यास असलेल्या त्या राजाकडे राज्यकारभार उरलेला नव्हता. त्याच्या मुलखाची मोजणी दुसरे करीत होते.

ही बाजू नजरेआड करता येणार नाही. हे त्रिकोण सत्तेच्या तिजोरीतून निघाले आणि करवसुलीला, पलटणींना, पुढे रेल्वेला उपयोगी पडले. निशाणे धरून टेकड्यांवर दिवस काढणारे, जंगलातील तापाने मरणारे खलाशी आणि साखळीवाले यांची नावे बहुतेक कोठेही नाहीत. राधानाथ सिकदार यांच्यासारखे गणिती, ज्यांच्या आकडेमोडीतून एव्हरेस्ट शिखराची उंची निघाली, अपवादानेच ओळखले गेले. मग सौंदर्याचे काय उरले? केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी, रामानुजनचा पाठीराखा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याने १९४० मध्ये ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात यावर सरळ तोडगा काढला: खरे, सुंदर गणित निरुपयोगी असते आणि उपयोगी गणित बहुधा कंटाळवाणे असते. युद्धाच्या छायेत लिहिलेल्या त्या पुस्तकामागची व्यथा समजू शकते. तिच्याशी नाते सांगणारे एक उदाहरण बंगळूरमध्येच घडले. हरीश-चंद्र १९४३ मध्ये येथील भारतीय विज्ञान संस्थेत होमी भाभांकडे भौतिकी शिकण्यास आले, १९४५ मध्ये केंब्रिजला डिरॅककडे गेले, आणि भौतिकीतील धूसरपणा असह्य होऊन शुद्ध गणिताकडे वळले. त्यांच्या वळण्याचा मी आदर करतो. तरीही हार्डीची विभागणी मला मान्य नाही. कलेसाठी कला आणि जीवनासाठी कला या आपल्या जुन्या वादाचेच ते गणिती रूप आहे, आणि त्या वादाने मराठी समीक्षेचे किती नुकसान केले हे सांगायला नको.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही तीन लयतत्त्वे मांडली. त्यांना ललित कलांची रचना अभिप्रेत होती. गणिताला त्यांनी त्या पंक्तीत बसवले असते असे मला वाटत नाही. पण लॅम्ब्टनच्या जाळ्याला ही तत्त्वे लावून पाहावीत. प्रत्येक त्रिकोण शेजारच्याशी एका बाजूने संवाद साधतो. तीन कोनांची बेरीज १८० अंशांशी विरोध करते. तो विरोध पृथ्वीच्या गोलाईत समतोल पावतो. उपयोग या रचनेला बाहेरून चिकटलेला नाही. चार इंचांची ती कसोटी उपयोगासाठी आवश्यक होती आणि रचनेची पूर्तताही तीच होती. सत्तेने त्रिकोणाचा उपयोग केला. सत्तेच्या इच्छेनुसार त्रिकोणाची बेरीज मात्र बदलली नाही.

आणि जेथे बेरीज जुळली नाही तेथे तर या शास्त्राचा खरा पुरुषार्थ दिसून आला. बंगळूरजवळ दोड्डगुंटा येथे लॅम्ब्टनने ताऱ्यांवरून अक्षांश काढले. त्याच्या आधारे काढलेली अंशाची लांबी अपेक्षेशी नीट जुळेना. आकडा घासून पुसून जुळवून घेण्याचा मोह कोणालाही झाला असता. लॅम्ब्टनने कारण शोधले ते ओळंब्यात. जमिनीखाली कोठेतरी जड द्रव्य असेल तर ओळंबा त्याच्याकडे किंचित ओढला जातो, आणि ओळंबाच कलला तर अक्षांशही कलतो. गवंड्याच्या हातातील हे साधन जगात सर्वांत सरळ, असा आपला समज. तेच येथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले.

पुढे उत्तरेत हाच प्रश्न मोठ्या रूपात आला. हिमालयाच्या बाजूचे कलियाना आणि मध्य हिंदुस्थानातील कलियानपूर या दोन ठाण्यांतील अक्षांशांचे अंतर त्रिकोणांवरून एक आणि ताऱ्यांवरून दुसरे येई, फरक ५.२३६ विकलांचा. कलकत्त्याचे धर्मोपदेशक प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचे आकर्षण हिशेबात घेतले, तर हा फरक १५.८८५ विकला यायला हवा होता. म्हणजे पर्वत ओळंब्याला ओढत होता खरा, परंतु त्याच्या आकाराच्या मानाने एक-तृतीयांशच. का? १८५५ मध्ये एअरी या ज्योतिर्विदाने उत्तर सुचवले: पर्वताच्या खाली हलक्या खडकाचे खोल मूळ आहे आणि पाण्यातील हिमनगासारखा तो जड थरावर तरंगतो आहे. भूकवचाच्या समस्थायित्वाचा सिद्धान्त येथून निघाला. हिमालयाखाली कोणी खणले नव्हते. काही विकलांची उणीव कोणी लपवली नाही, एवढ्यावरून पर्वताचे मूळ दिसले. भूगर्भशास्त्राला हे डोळे गणिताने दिले. इतर शास्त्रांमध्ये गणिताचे स्थान कोणते, असे मला कोणी विचारले तर मी प्रथम हे उदाहरण देईन.

लॅम्ब्टनला हे पाहायला मिळाले नाही. १८१७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, १८१८ मध्ये त्याच्या कामाला महात्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले आणि मदतनीस म्हणून जॉर्ज एव्हरेस्ट आला, ज्याने पुढे तो चाप हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. लॅम्ब्टनची त्रिकोणांची माळ बीदरवरून वऱ्हाडाच्या दिशेने सरकत होती. एक लाख पासष्ट हजार चौरस मैलांवर जाळे पसरले होते. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असता, वर्धेच्या मुलखात हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी तो मरण पावला आणि तेथेच त्याचे दफन झाले. वय सत्तरीच्या आसपास. हिंगणघाट बंगळूरच्या उत्तरेस सुमारे साडेसात अंशांवर आहे. माळावर पहिली साखळी अंथरल्याला तेव्हा बावीस वर्षे होऊन गेली होती.